सुशी राहू दे, कट कुठला?

पुण्याच्या आयटीत रमलेला मित्र रविवारी घरी येतोय आणि फोनवर विचारतोय, ‘कोल्हापुरात सुशी कुठं मिळते रे?’ चिडू नका. सुशीची खरी परीक्षा माशात नाही, व्हिनेगर लावलेल्या भातात असते. तशीच मिसळीची फरसाणात नाही, कटात! म्हणून त्याला सकाळीच उठवा. उद्यमनगरात फडतरे की कसबा बावड्यात बावडा मिसळ, हा वाद गाडीला किक मारायच्या आधीच मिटवा. तर्रीचा लाल रंग बघून भुलू नका. पहिला चमचा नुसत्या कटाचा. जीभ फक्त भाजली तर जागा चुकली. कांदा-लसूण, खोबरं जाणवलं तर बसा निवांत, ब्रेड बुडवा. घाम पुसत त्यानं ‘अजून कट आणा’ म्हटलं, की समजा, पोरगं अजून आपलंच आहे!