वीकेंडची वेगवान गाडी : जुनी घ्या, पण तपासून

घरातला मुलगा कमावता झाला की गाडीचा विषय निघतोच. अब्बांना मायलेज हवं असतं, अम्मीला मागची सीट ऐसपैस हवी असते आणि बेट्याचं सगळं लक्ष पिकअपवर. त्यात मित्रांसोबत एखादी ऑटोक्रॉस स्पर्धा पाहून आला, तर मग बोलायलाच नको.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानावर ठरवलेल्या वळणांच्या मार्गावरून, घड्याळ लावून गाडी चालवणं. इथे ताकदीपेक्षा हलकेपणा, ब्रेक आणि हाताचं कसब जास्त उपयोगी पडतं. म्हणूनच दोन सीटांच्या महागड्या गाडीमागे धावण्यापेक्षा चपळ हॅचबॅक घेणं शहाणपणाचं. आठवडाभर तीच गाडी घरच्यांच्याही कामी येते.

जुन्या बाजारात तीन नावं वारंवार ऐकू येतात. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. तिचं १.२ लिटरचं टर्बो इंजिन १०५ पीएसचं, सोबत ७ गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी. इंजिन झकास, पण गिअरबॉक्सची दुरुस्ती खिसा रिकामा करते. ट्रॅफिकमध्ये हळू चालवताना झटके देत असेल, तर सौदा सोडा. २०२० नंतरची १ लिटर टर्बो, हाताच्या ६ गिअरची पोलो अधिक बिनघोर. दुसरी अबार्थ पुंटो, १४५ पीएसची. मजा तिच्याइतकी कुणातच नाही, पण फियाटने इथला गाडीविक्रीचा गाशा गुंडाळलाय. सुट्या भागांसाठी महिनाभर थांबायची तयारी असेल तरच घ्या. तिसरी साधी मारुती स्विफ्ट, २०११ नंतरची पेट्रोल. ऐकायला फिकी वाटेल, पण वजनाला हलकी आणि तालुक्याच्या गॅरेजातही दुरुस्त होणारी. पहिल्यांदा ऑटोक्रॉसला उतरणाऱ्याने माझं ऐकलं तर हीच घ्यावी.

गाडी पाहायला सकाळी जा आणि इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर संशय घ्या. एक्झॉस्टमधून निळसर धूर येतोय म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतकं जुनं रबर जोराच्या वळणावर दगा देतं. बॉनेट उघडून पुढच्या शॉकअब्सॉर्बरच्या वरचा पत्रा दोन्ही बाजूंना सारखा आहे का, वेल्डिंगच्या खुणा आहेत का, तेही बघा.

कोकणातली गाडी असेल तर खाऱ्या हवेने खालचा पत्रा खाल्लेला असू शकतो, त्यामुळे ती रॅम्पवर चढवल्याशिवाय बयाणा देऊ नका. जुलै २०२१ च्या महाड-चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात बुडालेल्या गाड्या वरून चकाचक करता येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. टोकाला चिखलाची रेघ किंवा सीटखालच्या रुळांवर गंज दिसला, तर सलाम करून निघा.

कागदपत्रांत आरसी, कर्जाचा बोजा, थकीत चलान आणि विमा पाहाच. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे काम संपलं असं नाही. विमा नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. गाडीला १५ वर्षं झाली असतील तर फिटनेस आणि पर्यावरण कराची पावती मागा. आधीच्या मालकाने मोठा एक्झॉस्ट किंवा दुसरं इंजिन बसवलं असेल, तर ती डोकेदुखी विकत घेऊ नका.

एक गोष्ट मात्र विक्रेता सांगत नाही. आपल्या नेहमीच्या गाडीच्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी बसत नाही. मैदानावर गाडी ठोकली तर खर्च आपलाच. घरात एकच गाडी असेल, तिच्यावरच अब्बांची दवाखान्याची फेरी आणि धाकट्यांची शाळा चालत असेल, तर ती स्पर्धेत उतरवायची की नाही, हे घरात बसून आधीच ठरवा. बजेटचा पाचवा हिस्सा टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि चांगल्या हेल्मेटसाठी बाजूला ठेवा. म्युझिक सिस्टिम नंतर.

स्पर्धा एफएमएससीआय या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेलीच निवडा. तिथे गाडीची तपासणी होते, रुग्णवाहिका उभी असते. रात्री हायवेवर मित्रांशी लावलेली शर्यत हा वेगळाच मामला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. चावी हातात देताना मुलाला हे कलम वाचून दाखवायला हरकत नाही.