कोणत्या ध्वनिमुद्रिका विकाव्या ?

संग्रह वाढविणें ही हौस आहे. तो कमी करणें ही परीक्षा होय. ज्या घरांत दोन पिढ्यांनीं ग्रामोफोनच्या तबकड्या जमविल्या, त्या घरावर ही परीक्षा आज ना उद्यां येतेच. जुना वाडा पडतो, त्या जागीं इमारत उभी राहते, आणि माजघरांतील प्रशस्त फडताळाच्या ठिकाणीं भिंतींतलें एक अरुंद कपाट वांट्यास येतें. दहा इंची जुनी तबकडी सुमारें २०० ग्रॅम वजनाची असते. अशा ३०० तबकड्या म्हणजे ६० किलोंचा भार झाला. अशा वेळीं कोणी सगळा संग्रह एका व्यापाऱ्यास उक्ता देऊन मोकळा होतो. कोणी एकही तबकडी न विकतां सर्व माळ्यावर टाकतो आणि दोन पावसाळ्यांत त्यांवर बुरशी चढूं देतो. पहिला घाईनें गमावतो, दुसरा मोहानें गमावतो.

समजा, एका कुटुंबाजवळ मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ३०० तबकड्या आणि दीर्घ वादनाच्या, म्हणजे ज्यांस एलपी म्हणतात त्या, २०० आहेत. संग्रह करणारे गृहस्थ वारले. त्यांची पत्नी व मुलगा नव्या घरीं जाणार आहेत आणि तेथें अवघ्या १५० तबकड्या मावतील. निवड कशी करावी ?

प्रथम वस्तूची जात ओळखली पाहिजे. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनें कलकत्त्यास गौहरजान प्रभृति कलावंतांचें गाणें मुद्रित केलें आणि भारतांत या धंद्याचा पाया पडला. १९०८ सालीं कलकत्त्यांतच सियालदह येथें तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. या तबकड्या लाख, दगडाची भुकटी व काजळी यांच्या मिश्रणाच्या असत. पडल्या कीं फुटत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटें मिळत. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें विनाइलची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी आणली; तिच्या एका बाजूस वीस मिनिटें व त्याहूनही अधिक गाणें मावूं लागलें. भारतांत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९७० च्या सुमारास निघेनाशा झाल्या.

या भेदाचा विक्रीशीं निकट संबंध आहे. तीन मिनिटांत राग उभा करण्यासाठीं गवयास आलाप, बोल व तान यांची वेगळीच बांधणी करावी लागे. म्हणून त्याच गवयाची तोच राग असलेली एलपी घरांत आहे, एवढ्यावरून जुनी लहान तबकडी अनावश्यक ठरत नाहीं. उलट, तेंच जुनें मुद्रण पुढें एलपीवर किंवा अन्य साधनांवर पुनः निघालें असेल, तर तो ध्वनि सुरक्षित आहे असें समजावें. केसरबाई केरकरांची एक भैरवी तर १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेली आहे. तिच्या नाशाची चिंता कोणत्याही एका कुटुंबानें वाहावयास नको. मात्र मुद्रण तेंच आहे कीं नाहीं हें पाहण्यास चिकटपट्टीवरील नांव पुरत नाहीं. खांचा संपतात तेथें आंतल्या गुळगुळीत भागावर एक क्रमांक कोरलेला असतो. तो त्या मूळ मुद्रणाचा असतो. एकाच कलावंतानें एकच पद दोनदां मुद्रित केलें असल्यास हे क्रमांक निराळे येतात. वहींत प्रत्येक तबकडीपुढें तो लिहून ठेवावा.

नंतर प्रकृति पाहावी. तबकडी दिव्याखालीं तिरपी धरली म्हणजे ओरखडे व तडे दिसतात. पोलादी सुई प्रत्येक बाजूस नवी लावावी, असा नियम असे. जेथें तो पाळला गेला नाहीं, तेथें खांचा झिजून करड्या पडलेल्या आढळतात. धूळ मऊ कुंचल्यानें काढावी. लाखेची तबकडी स्पिरिटनें कदापि पुसूं नये, कारण लाख स्पिरिटांत विरघळते. तसेंच एकाच सुईनें दोन्ही जाती वाजवूं नयेत. ७८ फेऱ्यांच्या खांचेस सुमारें ३ सहस्रांश इंच त्रिज्येचें टोंक लागतें, एलपीच्या खांचेस १ सहस्रांश किंवा त्याहूनही बारीक. चावीच्या जुन्या ग्रामोफोनवर एलपी लावली, तर तिचा एका बैठकींतच निकाल लागेल.

आतां किंमत. पुष्कळांची समजूत अशी कीं, जितकी जुनी तितकी मोलाची. बाजार वयाला विचारीत नाहीं. वस्तु किती दुर्मिळ, तिला मागणी किती आणि ती कितपत धड, या तीन गोष्टींवरून तो दर ठरवितो. एलपीच्या बाबतींत मूळ वेष्टन शाबूत असणें हेंही महत्त्वाचें. बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या तबकड्या महाराष्ट्रांत घरोघर गेल्या; म्हणून त्यांपैकीं पुष्कळ आजही सांपडतात, आणि म्हणूनच त्यांतल्या सामान्य तबकड्यांना मोठा दर येत नाहीं. येथेंच या प्रश्नांतील खरी मेख आहे. जें गाणें घरानें जीव लावून ऐकलें, तें बहुधा इतर घरांनींही ऐकलेलें असतें. त्याची तबकडी विकून थोडें मिळतें आणि पुष्कळ जातें. जी तबकडी कोणी फारशी घेतली नाहीं, ती दुर्मिळ झाली. ती विकल्यानें घर सुनें होत नाहीं आणि दामही बरा येतो.

यावरून क्रम आपोआप लागतो. प्रथम एकाच मुद्रणाच्या दोन प्रती असतील, त्यांतली अधिक झिजलेली काढावी. मग ज्यांचा ध्वनि अन्यत्र सहज मिळतो आणि ज्या घरांत कोणी लावीत नाहीं, त्या काढाव्या. तरीही मन द्विधा झाल्यास एकच प्रश्न विचारावा : ही तबकडी आज घरांत नसती, तर येणाऱ्या दामांत ती विकत घेतली असती काय ? उत्तर नाहीं असें आल्यास ती जाऊं द्यावी. दुर्मिळ वाटणारी तबकडी मात्र पहिल्याच गिऱ्हाइकास देऊं नये. जाणकारास यादी दाखवावी. मुंबईंत १९९० सालीं सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था याच आस्थेंतून निघाली. ज्या मुद्रणाची दुसरी प्रत कोठें आढळत नाहीं, तें दोन पैसे कमी घेऊनही जतन करणाऱ्या हातीं जावें, हें उचित. आणि हेंही ध्यानांत असावें कीं, तबकडीची मालकी म्हणजे गाण्याचा हक्क नव्हे. १९५७ च्या कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षें टिकतो, आणि शब्द व चाल यांचे हक्क त्याहून निराळे असतात.

वरील कुटुंबांतील मुलानें हे सर्व नियम पाळले, असें मानूं. त्यानें फुटक्या तबकड्यांचा एक ढीग केला. त्यांत एक नाट्यपदाची तबकडी आहे. तिला कडेपासून मध्यापर्यंत तडा गेला आहे आणि ती लावली कीं प्रत्येक फेऱ्यास सुई टक् असा आवाज करते, मिनिटाला ७८ वेळां. बाजारांत तिला कवडीही येणार नाहीं, आणि तेंच पद स्वच्छ स्वरूपांत दुसरीकडे मिळतें. पण आईनें चाळीस वर्षें तें पद त्या टकटकीसकटच ऐकलेलें आहे. स्वच्छ प्रत लावली, तर तिला तें पद परकें वाटेल. ही गोष्ट कोणत्याही यादींत सांपडत नाहीं. ती आईला विचारल्यावांचून कळत नाहीं.

म्हणून शेवटचा नियम हा कीं, विकण्यापूर्वीं सर्वांनीं मिळून ऐकावें. ३०० तबकड्यांच्या दोन्ही बाजू, प्रत्येकी तीन मिनिटें, म्हणजे ३० तास होतात. रोज सायंकाळीं एक तास दिला, तर एका महिन्यांत त्या ऐकून होतील. एलपींची नुसती एकेक बाजू ऐकण्यास आणखी दोन-सव्वादोन महिने लागतील. ज्या संग्रहास जमावयास चाळीस वर्षें लागलीं, त्याच्या निरोपाला तीन महिने फार नव्हेत. ऐकतांना जिच्यावर घरांतलें एकही माणूस मान हलवीत नाहीं, ती तबकडी खुशाल विकावी. तिची वाट पाहणारा श्रोता बहुधा दुसऱ्या एखाद्या घरीं बसलेला असतो.