वीज गेली की पाणी किती उतरेल?

परभणीत प्रवाळांची टाकी ठेवायची तर समुद्र घरीच कालवावा लागतो, आरओच्या पाण्यात मीठ मिसळून. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला (१९५१) तो समोरच मिळाला होता.

खालच्या टाकीतून, म्हणजे सम्पमधून, हे खारे पाणी वर प्रवाळांच्या टाकीत चढवतो तो रिटर्न पंप. टाकीच्या तीन ते पाच पट पाणी तासाला फिरले की पुरे. ३०० लिटरच्या टाकीला साधारण १,२०० लिटर. मात्र खोक्यावरचा आकडा शून्य उंचीवरचा असतो. दीड मीटरचा चढ आणि दोन-तीन एल्बो आले की तो झपाट्याने घसरतो. पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक नको. पंपाजवळ युनियन, म्हणजे फिरवून सोडता येणारा जोड, हवीच, नाहीतर सफाईच्या दिवशी पाइप कापावा लागतो.

खरी परीक्षा वीज गेल्यावर. पंप थांबताच पाणी त्याच पाइपातून उलटे खाली ओढले जाते. चार फूट बाय दोन फूट टाकीची पातळी ५ सेंमी उतरली, तर सुमारे ३७ लिटर पाणी सम्पमध्ये येते. तेवढी जागा रिकामी हवी. वरच्या टाकीत पाइपाच्या तोंडाजवळ, पाण्याच्या रेषेच्या किंचित खाली बारीक छिद्र पाडले की तिथून हवा शिरते आणि ओढ तुटते. ते शेवाळाने बुजते, म्हणून दर आठवड्याला टूथपिकने मोकळे करावे. एकट्या चेक व्हॉल्व्हवर, म्हणजे एकाच दिशेने पाणी सोडणाऱ्या झडपेवर, भिस्त ठेवू नये. त्यात मिठाचा खडा अडकला तरी तो गळतो.

मे महिन्यात इथला पारा चाळिशीपार जातो, प्रवाळांना मानवतात २५-२६ अंश. बुडालेला पंप आपली उष्णता पाण्यातच सोडतो. त्यामुळे कमी वॅटचा डीसी पंप महाग असला तरी इथे तोच घ्यावा. इन्व्हर्टरवरही तो जास्त वेळ चालतो.