पंधरा दिवसांचं काम

गणपतीच्या आधी माझ्या भाच्याने त्याची पोलो जीटी टीएसआय एका गॅरेजला दिली. मूळचा टर्बो काढून त्यात मोठं व्हील, म्हणजे आतलं चाक, बसवायचं होतं. ‘पंधरा दिवस’ असं सांगितलं होतं. दिवाळीचा फराळ संपला, गाडी तिथेच. मला नवल वाटलं ते त्याच्या शांतपणाचं. “मामा, कस्टम काम आहे, वेळ लागणारच.” एवढा वेळ नेमका कशात जातो, हे बघायला मी त्याच्यासोबत गेलो.

गाडीचं बॉनेट उघडं, टर्बोची जागा रिकामी, पाइपांची तोंडं चिकटपट्टीने बंद आणि त्या पट्टीवरही धूळ. “व्हील बाहेरून येतंय, कस्टमला अडकलंय. पंधरा दिवस धरा,” मालक म्हणाले. आवाज इतका गोड, की पुढे काही विचारणंच उद्धटपणाचं वाटावं.

या कामाची साखळी लांब आहे. टर्बो खोलायचा, मोठं व्हील मागवायचं, ते मावेल एवढं हाउसिंग लेथवर आतून कापायचं, बॅलन्सिंग करून जोडायचं आणि शेवटी इंजिनाच्या संगणकाचा रिमॅप. यातलं बॅलन्सिंग भोसरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात होतं. मी तिथे गेलो आणि रेंगाळलो.

गाळ्यात गरम तेलाचा वास होता, कढईतल्या नव्हे, इंजिनातल्या. मशीनवरचे कारागीर पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी कुणा दुसऱ्याच गाडीच्या टर्बोचा कार्ट्रिज, म्हणजे दोन्ही चाकं आणि शाफ्ट असलेला मधला भाग, शिकंज्यात धरला. शाफ्ट, व्हील आणि नट यांवर पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढली, म्हणजे पुन्हा खोलला तरी जोडणी तशीच बसावी. नटाचे आटे उलटे. बेअरिंगमध्ये दाबाने गरम तेल सोडलं, मग टर्बाइनवर हवा. आधी शिट्टी, मग कानठळ्या. पडद्यावरची रेघ एका जागी ताडकन वर उसळली.

“इथं मारतोय,” ते म्हणाले. मशीन थांबवलं, नटाच्या कडेला ग्राइंडर जेमतेम टेकवला. उडालेली धातू तिळाएवढीही नसेल. पुन्हा हवा, पुन्हा रेघ, पुन्हा ग्राइंडर. मधे भाच्याने घड्याळ पाहिलं, तसे ते मशीनकडे बघतच म्हणाले, “साहेब, हा गाडीत दोन लाखांवर फिरणार. इथं घाई केली तर तिथं फुटेल.”

दोन लाख, म्हणजे मिनिटाला दोन लाख फेरे, सेकंदाला तीन हजारांहून जास्त. एका बाजूच्या चाकावर लालबुंद करणारा धूर, दुसऱ्या बाजूच्या चाकावर बाहेरची गार हवा आणि मधला शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगणारा. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखींनी या कल्पनेचं पेटंट १९०५ साली घेतलं. ती जहाजांवर नीट चालायला १९२०चं दशक उजाडलं. टर्बो आणि प्रतीक्षा यांचं नातं जुनंच म्हणायचं.

पण या गाळ्यात सकाळी आलेला कार्ट्रिज संध्याकाळी परत जातो. ज्या कामाला खरोखर वेळ द्यायला हवा, ते दिवसभरात उरकतं. मग बाकीचे महिने? कारागिरांनी हात पुसत सांगितलं, “तीन-चार गिऱ्हाइकं जमल्याशिवाय कोण व्हील मागवतंय? एकट्याचं भाडं परवडत नाही.” म्हणजे भाचा कस्टमसाठी थांबला नव्हता, पुढच्या गिऱ्हाइकासाठी थांबला होता. गाडी मात्र पहिल्याच दिवशी खोलून ठेवलेली, कारण खोललेली गाडी दुसऱ्या गॅरेजला जात नाही.

त्यातून एवढं करून मिळणार काय? या पोलोच्या इंजिनाचा मूळ टॉर्क १७५ न्यूटन मीटर आणि तिचा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स २५० सोसेल असाच बनवलेला. टर्बो कितीही मोठा बसवा, त्यापुढे जायचं तर गिअरबॉक्सला घोर लावायचा. हे मालकांनी सांगितलं नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं, हेही नाही. म्हणूनच पक्कं बिल नाही, तारीख लेखी नाही आणि तक्रार घेऊन जावं असं ठिकाणही नाही. पंधरा दिवस हा आकडा नेहमी तोंडीच असतो.

भोसरीच्या कारागिरांबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांच्यासारख्या हातांसाठी कुणीही खुशाल थांबावं. पण आपण ज्याला ‘कस्टम कामाचा वेळ’ म्हणतो, त्यातला बहुतेक वेळ काम चालूच नसतं. हौस असेल तर एवढं करा: व्हील, गास्केटं, पाइप सगळं सामान गॅरेजच्या टेबलावर आलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मगच बॉनेट उघडू द्या. तोवर गाडी चालवत राहा.