स्लॅबवरचं ऊन

मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी खांबाची सावली त्याच्या बुडाशीच दडते. अशा वेळी भिंतींना ऊन जेमतेम चाटून जातं, सगळा मारा गच्चीवर: निरभ्र आकाश असेल तर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट. काळवंडलेला कोबा ६० अंशांच्या आसपास तापतो आणि त्याखाली असतो जेमतेम पाच इंचांचा स्लॅब. वरच्या मजल्यावरचा पंखा रात्री अकरालाही गरम वारा खाली ढकलतो तो यामुळेच. मग आपण दीड टनाचा एसी बघायला दुकानात जातो. त्याआधी एकदा गच्चीवर जाऊन यावं, असं माझं म्हणणं.

गच्चीवरच उष्णता अडवायचा एक उपाय म्हणजे थर्माकोल: काँक्रीटच्या मानाने त्यातून उष्णता चाळीस पटींहूनही कमी वेगाने जाते. दहा बाय बाराची खोली घ्या, म्हणजे अकरा चौरस मीटर छत. वर ६० अंश आणि खोलीत २७ अंश धरले, तर उघड्या स्लॅबमधून साधारण १४०० वॅट उष्णता आत येते. एक टनाचा एसी ३५०० वॅट बाहेर काढतो. म्हणजे त्याची चाळीस टक्के ताकद निव्वळ छताशी झुंजण्यात जाते. स्लॅबवर दोन इंच थर्माकोलचा थर दिला की हाच आकडा अडीचशेच्या आत येतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची २०१८ची इको निवास संहिता निवासी छपराला चौरस मीटरमागे, दर अंशाला, १.२ वॅटची मर्यादा घालते. उघडा स्लॅब तिच्या जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतो.

‘मग खर्च कधी वसूल होणार?’ हा प्रश्न रास्त आहे. वरचा हिशोब ऐन दुपारचा आहे. दिवसभराची सरासरी बरीच कमी भरते. आणि ऐन दुपारीही वाचते ती तासाला एक तृतीयांश युनिट वीज. एका खोलीत, उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत, एवढ्या बचतीवर चांगला कोबा फोडून थर्माकोल घालणं परवडायचं नाही, हे मान्यच करायला हवं. म्हणून क्रम उलटा लावावा. आधी पांढरा रंग, नाहीतर साधा चुना: ताजा पांढरा थर सुमारे ८० टक्के ऊन परत फेकतो. धुळीने तो मळतो, त्यामुळे दर उन्हाळ्याच्या तोंडावर धुणं किंवा नवा हात देणं आलंच. इन्सुलेशनची वेळ गळतीमुळे वॉटरप्रूफिंग नव्याने करायची असेल तेव्हाची. गवंडी, सिमेंट, मजुरी तेव्हा द्यावीच लागते, भर पडते ती फक्त थराची.

दुसरा आक्षेप माळवदाचा. मराठवाड्यातली मातीची जाड धाबी थर्माकोलशिवाय गार राहत, मग हे सोंग कशाला? पण माती उष्णता अडवते त्यापेक्षा जास्त लांबवते. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होई आणि माणसं तोवर माळवदावर झोपायला गेलेली असत. आता झोपायचं स्लॅबखालीच आहे. इन्सुलेशनचीही एक खोड सांगायला हवी: खिडक्यांतून शिरलेली उष्णता ते रात्री वरून बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे एसी नसलेल्या घरात दिवसा पडदे ओढलेले आणि अंधार पडला की खिडक्या सताड उघड्या, एवढी शिस्त पाळावी लागते.

थर आतून, फॉल्स सीलिंगवर टाकला तरी खोली गार होते. पण स्लॅब उन्हात तसाच फुगत-आकसत राहतो आणि त्याच्या चिरा पुढच्या पावसात दिसतात.