तालमीचे आठ तास

गाणं आपल्यापर्यंत येतं ते नेहमी तयार होऊनच. तीन-चार मिनिटांत ते संपतं. ते तयार होत असताना किती दिवस गेले, कोण रुसलं, कोणी जांभई दिली, कोणता शब्द आधी होता आणि तो नंतर का गेला, यातलं काहीच आपल्याला कळत नाही. हे कळावं असं ज्याला वाटतं, त्याने एक फिल्म जरूर पाहावी. तिचं नाव 'द बीटल्स : गेट बॅक'. न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी ती केली आणि २०२१ च्या नोव्हेंबरात २५, २६ आणि २७ तारखेला ती तीन भागांत प्रदर्शित झाली. लांबी ४६८ मिनिटं, म्हणजे पावणेआठ तासांहून थोडी जास्त. राजारामपुरीतल्या आमच्या घरी ती मी आठवडाभर, रोज थोडी थोडी करून पाहिली. दुसऱ्याच रात्री स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "हे लोक गाणार कधी?" प्रश्न अगदी रास्त होता. सगळी फिल्म त्या प्रश्नावरच तर उभी आहे.

बीटल्स म्हणजे इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या बंदराच्या गावातली चार मुलं. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. १९६० च्या दशकात त्यांच्या गाण्यांनी सारं जग वेडं केलं होतं. १९६९ च्या जानेवारीत त्यांनी ठरवलं, की काही आठवड्यांत नवी गाणी बसवायची, ती लोकांसमोर एका दमात गायची आणि या साऱ्याचं चित्रीकरण करायचं. २ जानेवारीला लंडनच्या ट्विकनहॅम स्टुडिओत काम सुरू झालं. मायकेल लिंडसे-हॉग हे दिग्दर्शक होते. महिनाभरात जवळपास ६० तासांचं चित्रीकरण आणि १५० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण झालं.

त्यातून १९७० साली 'लेट इट बी' नावाची सुमारे ऐंशी मिनिटांची फिल्म निघाली. ती पडद्यावर आली तेव्हा चौघांची फाटाफूट जाहीर झालेली होती. त्यामुळे लोकांनी ती अंत्ययात्रा पाहावी तशी पाहिली. 'तो जानेवारी म्हणजे भांडणाचा महिना' असा शिक्का बसला आणि तो पन्नास वर्षं टिकला.

जॅक्सन यांनी तीच रिळं पुन्हा उघडली. महिना तोच आणि माणसंही तीच. पण ऐंशी मिनिटांच्या जागी पावणेआठ तास दिल्याबरोबर चित्र बदललं. भांडण होतंच, ते लपवलेलं नाही. १० जानेवारीला जॉर्ज हॅरिसन 'मी चाललो' म्हणून खरोखरच निघून गेला. दोन दिवसांनी झालेली समेटाची बैठकही फिसकटली. पण त्या भांडणाच्या अलीकडे आणि पलीकडे काय होतं, तर चहा, टोस्ट, थट्टा, जुनी गाणी आळवणं आणि एकच ओळ वीस वेळा म्हणून पाहणं. भांडण सांगता येतं, काम मात्र पाहावंच लागतं. म्हणून गोष्ट जितकी आखूड कराल, तितकं तिच्यात भांडण उरतं आणि काम गळून जातं. ही फिल्म इतकी लांब का, याचं उत्तर मला वाटतं इथे आहे.

आता तिच्या करामतीविषयी थोडं सांगतो. त्या वेळचं बरंचसं ध्वनिमुद्रण 'मोनो' होतं. म्हणजे गिटार, ड्रम, बोलणं, खुर्ची सरकल्याचा आवाज, सारं एकाच पट्टीवर एकमेकांत मिसळलेलं. चहात साखर विरघळली की ती पुन्हा वेगळी काढता येत नाही, तसंच ते होतं. शिवाय ही मंडळी हुशार. खासगी काही बोलायचं असलं की मुद्दाम गिटार जोरात छेडत राहायची, म्हणजे माइकला फक्त खणखणाट मिळावा. जॅक्सन यांच्या माणसांनी संगणकाला गिटारचा आवाज कसा असतो, माणसाचा कसा असतो, ड्रमचा कसा असतो, हे असंख्य नमुने ऐकवून शिकवलं. मग संगणकाने ती विरघळलेली साखर निराळी करून दाखवली. खणखणाट बाजूला झाला आणि पन्नास वर्षांपूर्वीची कुजबुज स्वच्छ ऐकू आली. १३ जानेवारीला जॉन आणि पॉल उपाहारगृहात जॉर्जविषयी बोलत बसले होते. चित्रीकरण करणाऱ्यांनी तिथल्या फुलांच्या कुंडीत माइक दडवला होता. ते संभाषण या फिल्ममध्ये ऐकायला मिळतं. दुसऱ्याच्या घराच्या दाराला कान लावल्यासारखं वाटतं खरं, पण आपल्या साथीदाराला आपण दुखावलं याची दोघांना असलेली जाणीवही तिथेच कळते.

याच तंत्राने पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरची जॉन लेननची एक घरगुती कॅसेट घेऊन तिच्यातून पियानोपासून त्याचा आवाज सोडवला गेला. त्यावर 'नाउ अँड देन' हे गाणं पूर्ण करून २०२३ च्या नोव्हेंबरात बाहेर आलं आणि २०२५ साली त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. जॉनचा खून १९८० साली झाला. जॉर्जही २००१ साली गेला. तरी गाण्यात चौघेही आहेत.

पण मी कवितेचा माणूस. मला यंत्रापेक्षा शब्दांची गंमत जास्त वाटली. ७ जानेवारीची सकाळ. जॉन अजून आलेला नाही. पॉल बास गिटार घेऊन नुसताच काहीतरी खरडतोय. जॉर्ज समोर बसून जांभई देतोय. पॉलच्या तोंडून नुसते हुंकार निघताहेत, शब्द नाहीत. दोन-तीन मिनिटांत त्या हुंकारांना आकार येतो, जॉर्ज गिटार उचलतो, रिंगो टाळी धरतो आणि जगाला ठाऊक असलेलं 'गेट बॅक' आपल्या डोळ्यांदेखत जन्माला येतं. प्रतिभा म्हणजे वीज कडाडणं असं आपण म्हणतो. इथे मात्र विहिरीला झरा लागावा तसं दिसतं. आधी नुसता ओलावा, मग पाणी.

दुसरा प्रसंग 'समथिंग' या गाण्याचा. जॉर्जला एका ठिकाणी शब्द सापडत नाहीये. कित्येक महिने तो तिथेच अडकलाय. जॉन त्याला सांगतो, की तोंडात येईल तो शब्द तिथे ठेव आणि पुढे चल, फ्लॉवर म्हण हवं तर. फ्लॉवर म्हणजे आपल्या मंडईतली भाजी! मग जॉर्ज तिथे डाळिंबही बसवून पाहतो. प्रेमाच्या गाण्यात भाजी आणि फळ. आम्ही कवी मंडळी हे रोज करतो, फक्त कुणाला दाखवत नाही. माझ्या वहीत अशा किती ओळींत 'धोंडा' हा शब्द पडून आहे, ते मलाच माहीत. आपले शाहीरही हे जाणतात. झीलकरी 'जी जी रं जी' करतात, तेवढ्यात शाहिराला दम मिळतो आणि पुढची ओळही मिळते. रिकाम्या जागेला घाबरायचं नाही, तिच्यात काहीतरी ठेवून चाल चालू ठेवायची, ही अक्कल लंडनला आणि कोल्हापूरला सारखीच आहे.

तिसरी गोष्ट जरा गंभीर आहे. 'गेट बॅक' म्हणजे 'परत जा'. केनियातून निघालेले आशियाई लोक त्या काळात इंग्लंडला येत होते. १९६८ च्या एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल या पुढाऱ्याने परदेशी लोकांच्या येण्याविरुद्ध जहाल भाषण केलं होतं. या गाण्याच्या सुरुवातीच्या खर्ड्यात त्या वातावरणाची टिंगल होती. 'परत जा' म्हणणाऱ्यांच्या तोंडचे शब्द घेऊन त्यांनाच वेडावणारी. फिल्ममध्ये तो भाग आहे. पुढे ते शब्द गळाले आणि गाणं निराळ्याच पात्रांचं झालं. कोणत्या का भाषेत असेना, 'परत जा' हे दोन शब्द कुणाच्या कानाला कसे लागतात, हे मला कुणी समजावून सांगायला नको. म्हणून हा भाग मी दोनदा पाहिला. उपरोध कागदावर शहाणा असतो. पण तोच ध्रुपद झाला आणि हजार माणसं टाळ्या वाजवत तो गाऊ लागली, की त्यातला उपरोध उडून जातो आणि नुसता आवाज उरतो. ते शब्द गेले हे गाण्याच्या भल्याचं झालं, असं मला वाटतं. काय लिहिलं यापेक्षा काय खोडलं यावरून कवी जास्त कळतो आणि खोडलेलं दिसण्याची सोय फार क्वचित असते.

पुढे मंडळी आपल्या सॅव्हिल रो इथल्या स्टुडिओत आली. २२ जानेवारीला बिली प्रेस्टन हा पियानोवाला येऊन बसला आणि हवाच बदलली. घरात पाहुणा आला की भांडणारे भाऊ सरळ बसतात, तसंच झालं. ३० जानेवारीला त्याच इमारतीच्या गच्चीवर, कडाक्याच्या थंडीत, सुमारे ४२ मिनिटं ते वाजवत होते. खाली रस्त्यावर गर्दी, मग तक्रारी, मग पोलीस. स्वयंपाकघरातल्या प्रश्नाला सात तासांनी उत्तर मिळालं. आणि त्या उत्तराची गोडी सात तास वाट पाहिली म्हणूनच होती.

या साऱ्यात आपली माणसं कुठे आहेत, हे मी शोधलं. आहेत. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' या रेकॉर्डवर तबल्यासाठी अनिल भागवत हे नाव छापलेलं आहे. १९६७ च्या 'सार्जंट पेपर'मध्ये अण्णा जोशी यांनी दिलरुबा वाजवला, पण कव्हरवर त्यांचं किंवा त्यांच्या साथीदारांचं नाव नव्हतं. ती नावं लोकांसमोर यायला पन्नासेक वर्षं लागली. आणि लंडनच्या त्या जानेवारीच्या बरोबर एक वर्ष आधी, १९६८ च्या जानेवारीत, जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत बसून 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित करत होता. संतूरवर शिवकुमार शर्मा, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, बासरीवर एस. आर. केंकरे. 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याचं वाद्यसंगीतही तिथेच झालं. स्टुडिओ कचेऱ्यांच्या इमारतीत, भिंतींना आवाजाची अडवणूक नाही. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या पायांचा आवाज येई आणि काम थांबवावं लागे, अशी आठवण हॅरिसन सांगत असे.

मला त्या थांबलेल्या वेळाची उत्सुकता आहे. त्या वेळात केंकरे काय बोलले असतील? नारिंग्रेकरांनी त्या गोऱ्या पाहुण्याला काय समजावलं असेल? संगीत आपल्यापाशी आहे, पण त्या संगीताची तालीम नाही. लंडनच्या जानेवारीचे साठ तास शिल्लक राहिले. मुंबईच्या जानेवारीची राहिली ती एक रेकॉर्ड आणि जिन्यावरच्या पायांची आठवण.

आणि कोल्हापूरचं काय? राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते. ऐन भरात अति गाण्याने त्यांचा आवाज बसला आणि मग उरलेल्या आवाजाला पेलेल अशी निराळी, अवघड, पेचदार गायकी त्यांनी घडवली. जयपूर-अत्रौली घराणं आज जगभर ओळखलं जातं ते त्या गायकीमुळे. ती घडली कशी? रोज सकाळी ते काय करून पाहत होते, काय टाकून देत होते? आपल्याला ठाऊक नाही. १९४६ साली ते गेले आणि त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. शिष्येचा आवाज ग्रहताऱ्यांच्या पलीकडे आणि गुरूचा आवाज कोल्हापुरातसुद्धा नाही! गोविंदराव टेंब्यांनी मराठीत त्यांचं चरित्र लिहिलं. खाँसाहेबांचे नातू अझीझुद्दीन खाँ यांनी आजोबांना बोलतं करून त्यांच्या आठवणी टिपून ठेवल्या. नातू जवळ बसून विचारत होता म्हणून तेवढं तरी उरलं.

आमच्या घरात 'तालीम' म्हणजे शिक्षण. गवयाच्या घरी तालीम म्हणजे गुरूने समोर बसवून दिलेली विद्या. नाटकवाल्यांची तालीम म्हणजे प्रयोगाआधीची खटपट. आणि कोल्हापूरच्या गल्लीत तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा, शिवाय गणपती बसवणारं मंडळही. अरबस्तानातून निघालेला एक शब्द आपल्या गावात चार घरी नांदतो आहे. चारही घरी त्याचा गाभा एकच, लोकांसमोर येण्याआधी केलेली मेहनत.

ती मेहनतच आपण टिपत नाही. मैदानातली कुस्ती टिपतो, आखाड्यातला घाम टिपत नाही. सत्काराचा फोटो असतो, शाल असते, नारळ असतो. भजनी मंडळ एकादशीला गातं ते मोबाइलवर येतं. पण आदल्या महिन्यात तो अभंग कोणत्या चालीत बसत नव्हता, पखवाजवाला कशावरून चिडला, म्हाताऱ्या बुवांनी कोणती जागा हलकेच दुरुस्त करून दिली, ते कुठेच नसतं. लग्नाच्या बँडवाल्यांनी नवं गाणं एका दुपारी कानांनी कसं उचललं, तेही नसतं. बीटल्सकडे मोठे कॅमेरे होते, पैसा होता. पण आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तो कोपऱ्यात नीट टेकवून ठेवायचा, चालू करायचा आणि विसरून जायचं. काम करणाऱ्यांना विचारून, त्यांच्या संमतीने. कुंडीत लपवून नव्हे.

त्यात पुष्कळसं कंटाळवाणं निघेल. निघू द्या. गाणार कधी, असं कुणीतरी विचारील. विचारू द्या. बुवा आज आहेत, त्यांचा हात तालावर आहे आणि बुधवारी संध्याकाळी मंडळाची तालीम आहे.