आधी शटर, मग बॉडी

अनंत चतुर्दशीनंतर रायपुरात झांक्यांची मिरवणूक रात्रभर चालते. शारदा चौक, जयस्तंभ चौक, मालवीय रोड, सदर बाजार असं करत ती महादेव घाटाकडे, खारुन नदीच्या दिशेनं सरकते. वर काळं आकाश, ट्रकांवर लखलखती एलईडी रोषणाई आणि मधे अर्धवट उजेडातले चेहरे. कॅमेऱ्याला याहून अवघड रात्र शहरात क्वचितच मिळेल. फोटो संगणकावर मोठे करून पाहिले, की मूर्तीशेजारी बसलेल्या मुलाच्या गालावर लाल-हिरवे ठिपके दिसतात आणि बॉडी बदलायचा विषय निघतो.

शंकर नगरात लग्न-मुंजींची कामं घेणाऱ्या एका छायाचित्रकाराच्या टेबलावरही तो निघाला होता. एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा विकून फुल फ्रेम घ्यायचा बेत जवळजवळ पक्का होता. मग फोटोची माहिती उघडली गेली. शटर १/५००, अ‍ॅपर्चर एफ ५.६, आयएसओ ६४००. एवढं करूनही फोटो अंडर गेलेला, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दोन स्टॉप उचललेला. आणि त्या क्षणी झांकी चौकात थांबलेली होती!

ठिपके येतात ते मुख्यतः उजेडाच्या तुटवड्यातून. प्रकाश कणाकणानं येतो आणि कणांची आवक कधीच अगदी सारखी नसते. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०,००० कण पडत असतील, तर चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १०० कणांचा. अवघा एक टक्का. तिथं १०० कणच पोचले, तर चढउतार १० कणांचा, म्हणजे दहा टक्के. डोळ्याला खुपतो तो हा दहा टक्क्यांचा खडबडीतपणा. सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्सची खरखर त्यात भर घालते. पण आजच्या सेन्सरमध्ये मोठा वाटा कमी उजेडाचाच असतो. आयएसओ वाढवल्यानं एकही कण जास्त येत नाही, मिळालेला संकेत फक्त मोठा होतो.

आता हिशेब. १.५ क्रॉपच्या एपीएस-सीपेक्षा फुल फ्रेमचं क्षेत्रफळ सुमारे २.२५ पट. चौकट, शटर आणि अ‍ॅपर्चर तेच ठेवलं, तर उजेडही तेवढाच पट जास्त मिळतो, म्हणजे एक स्टॉपहून थोडा अधिक. त्यातही मूर्ती आणि मागचा देखावा दोन्ही पूर्वीइतकेच स्पष्ट हवे असतील, तर अ‍ॅपर्चर स्टॉपभर लहान करावं लागतं आणि कमाई तिथंच संपते.

दुसरीकडे, थांबलेल्या झांकीसाठी शटर १/५००वरून १/१२५वर आणलं, की उजेड चौपट. किट लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६ देते, तिच्या जागी ५० मिमी, एफ १.८ची साधी प्राइम लावली, की आणखी साडेनऊ पटींहून जास्त. दोन्ही मिळून सुमारे ३८ पट. त्या फोटोचं काम आयएसओ ८००च्या आत झालं असतं. एफ १.८वर फोकस डोळ्यावरच बसायला हवा, मागचा देखावाही विरघळतो. पण एफ २.८वर थांबलं तरी एफ ५.६च्या चौपट उजेड हातात राहतो. ही लेन्स फुल फ्रेम बॉडीच्या किमतीच्या लहानशा हिश्शात मिळते.

मीटरचाही एक घोळ असतो. चौकटीत दिवे जास्त आले, की कॅमेरा दृश्य उजळ समजून एक्स्पोजर कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. अशा वेळी चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करावं किंवा कॉम्पेन्सेशन वाढवावं. मायकेल राइकमन यांनी २००३मध्ये ‘एक्स्पोज टू द राइट’ ही पद्धत मांडली: हायलाइट उडू न देता हिस्टोग्राम उजवीकडे ढकलायचा. रात्री तिचा अर्धाच भाग उचलून चालत नाही. शटर किंवा अ‍ॅपर्चरनं हिस्टोग्राम उजवीकडे नेला, तर खरोखर जास्त कण मिळतात. नुसत्या आयएसओनं नेला, तर नव्या सेन्सरवर फारसा फायदा नाही आणि दिव्यांच्या माळा मात्र पांढऱ्याफटक होतात.

निळ्या एलईडीत तर चेहऱ्याचा निळा चॅनल काठोकाठ भरतो आणि लाल उपाशी राहतो. पुढे त्वचेचा रंग आणायला लाल ताणला, की ठिपके उसळतात. अनुभवी माणूस अशा वेळी बटण दाबत नाही. रोषणाई फिरून पांढरी किंवा पिवळी होईपर्यंत थांबतो.

या सगळ्यालाही हद्द आहे. ट्रकपुढे नाचणारी मंडळी गोठवायला १/२५०च्या खाली जाता येत नाही, एफ १.८ आधीच उघडलेला असतो. तिथं मोठ्या सेन्सरचा तो एक स्टॉप मोलाचा ठरतो. अंधारात पटकन पकडणारा फोकस आणि एकाच वेळी दोन कार्डांवर साठवण, ही कारणंही लग्नाच्या कामात खरी आहेत. शंकर नगरच्या टेबलावर शेवटी ५० मिमीची ऑर्डर गेली. नवी बॉडी लग्नसराईनंतर घ्यायचं ठरलं. तिच्यासाठी केलेल्या यादीत दोन कार्डं पहिल्या क्रमांकावर आली, फोकस दुसऱ्या आणि नॉइज तिसऱ्या.